मागच्या दाराची पाटी

मीरा आणि नील,

अक्काआजीला शेतात माती दिली त्या सकाळी तुम्ही दोघं तिकडे मेलबर्नला फोनपुढे बसून होतात. इकडे फोन अक्काआजीच्या सुनेच्या, सुवर्णाकाकूच्या हातात होता आणि तिच्या हुंदक्यांबरोबर हलत होता. तरी मीरा, तुझ्या नजरेतून सुटलं नाही. दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, "आजी, सगळे माती लोटत होते तेव्हा तू वाकून काय उचलत होतीस?" मी म्हटलं, "काही नाही गं, खडा होता."

खडा नव्हता. खणलेल्या मातीतून प्लास्टिकचे तुकडे वर आले होते, ते मी उचलले. पाच होते. रुमालात बांधून घरी आणले, धुतले, आणि आत्ता ते माझ्यासमोर टेबलावर बशीत आहेत. चार पांढुरक्या कॅरीबॅगचे आहेत आणि एक कसल्याशा पुडीचा लाल कोपरा आहे.

मी आयुष्यभर गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. मुलगा खोटं बोलतोय हे मला त्याच्या मानेवरून कळायचं. आणि आता या वयात मी चौदा वर्षांच्या नातीला खोटं सांगितलं. शिवाय मागच्या महिन्यात बचत गटाच्या बायकांनी "घरातून कचरा बाहेर न टाकणाऱ्या बाई" म्हणून मला नारळ दिला, तो फोटो तुमच्या बाबानं सगळ्यांना पाठवला आणि तुम्ही टाळ्यांची चित्रं धाडलीत. तेही दुरुस्त करायचं आहे.

अक्काआजी माझी थोरली जाऊ, म्हणजे तुमच्या आजोबांच्या मोठ्या भावाची बायको. तिला जाऊन आज सोळा दिवस झाले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर खरं तर तिला द्यायला हवं होतं, बारा वर्षांपूर्वी. ते राहिलं. म्हणून आता आधी तिला लिहिते. तुम्ही शेजारी बसून ऐकताय असं समजा. एखादा शब्द अडला तर बाबाला विचारा. अक्काआजीची बोली त्याला माझ्यापेक्षा चांगली येते.

अक्का,

लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या सकाळी मी तुम्हाला विचारलं होतं, "कचऱ्याची बादली कुठं आहे?" हातात माझ्या डोक्यातली सुकलेली फुलं होती. तुम्ही चुलीपुढे होतात. तुम्ही आधी फुलांकडे पाहिलंत, मग माझ्याकडे.

"बादली? आन् त्यात काय टाकणार?"

"कचरा."

"कसला कचरा?"

मी हात पुढे केला. तुम्ही माझ्या हातातली फुलं घेतलीत, मागच्या दारातून परसात गेलात आणि उकिरड्यावर टाकून आलात. येताना हसत होतात. दुपारपर्यंत ती गोष्ट गल्लीभर झाली होती. सोलापुरात वाढलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली धाकटी सून आली आहे आणि ती कचऱ्याला बादली मागते.

तुमच्या घरात खरोखरच बादलीचं काम नव्हतं. भाजीची देठं, ज्वारीचा कोंडा, तांदळाचं धुवण गायीला. चुलीतली राख भांड्यांना. तुरीच्या काटक्या चुलीला. फाटलेलं लुगडं आधी पोतेरं व्हायचं नाही. त्यातला धड भाग वाकळीत जायचा आणि उरलेल्याच्या वाती व्हायच्या. विंचरलेले केससुद्धा तुम्ही भिंतीच्या भोकात साठवायचात आणि केसांवर भांडी देणारी बाई आली की घासाघीस करून चमचा मिळवायचात. जे कशातच बसत नव्हतं ते उकिरड्यावर जायचं. तिथं शेणाबरोबर कुजायचं आणि उन्हाळ्यात गाडी भरून शेतात. उकिरड्यावर टाकलेल्या वस्तूचं खत होतं, यावर तुमचा विश्वास होता. तो विश्वास खोटा ठरण्याचं तोवर कारणच नव्हतं.

कारण मी आणलं, अक्का. एकटीनं नाही, पण पुढे वेगळ्या झालेल्या आपल्या दोन घरांत पहिल्यांदा मीच आणलं.

तुम्हाला माझी शिस्त ठाऊक होती. माझे वडील रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. सुट्टीत त्यांच्याजवळ बसून मी गाठी मारायला शिकले. आमच्या घरात उघडं, लोंबतं, सांडतं काही चालायचं नाही. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर मी चिठ्ठ्या चिकटवल्या तेव्हा तुम्ही म्हणालात, "डाळीला वाचता येतं व्हय गं?" आणि मी शाळेत गेले की माझ्या घरात येऊन मीठ-साखर घेताना डबे हवे तसे ठेवून जायचात. संध्याकाळी मी ते परत ओळीत लावायची. त्यावरून आपण किती वर्षं भांडलो!

कापडी पिशव्यांना कांद्याचा वास येतो, म्हणून मला कॅरीबॅगा आवडायला लागल्या. पांढऱ्या, पातळ, स्वच्छ. भाजी आणायला एक आणि भाजीची सालं भरायलाही एक. दोन्ही घरांचं परस एकच. गोठा तुमच्या बाजूला आणि उकिरडा त्याच्या पलीकडे. सालं उघडी नेली की वाटेत सांडतात, माश्या बसतात. म्हणून मी ती पिशवीत भरायची, पिशवीचे दोन्ही कान ओढून दोन गाठी मारायची आणि उरलेली टोकं वडिलांनी शिकवल्याप्रमाणे आत खोचायची. अशी गोल, घट्ट, नीटनेटकी पुरचुंडी मी शाळेत जाता जाता उकिरड्यावर ठेवून द्यायची. फेकायची नाही. ठेवायची. मला वाटायचं, बघा, कचरासुद्धा किती व्यवस्थित.

तुम्ही एकदा म्हणाला होतात, "सुनंदा, गाठ कशाला मारतीस? जनावराला काय सोडता येती?"

मी म्हटलं, "अक्का, जनावरानं उकिरड्यावर जावंच कशाला?"

आपलं बोलणं तिथं संपलं. मला शाळेला उशीर होत होता.

बांडी त्या उन्हाळ्यात खाईनाशी झाली. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली तुमची ती देवणी गाय. कालवड होती तेव्हापासून तुम्ही तिच्याशी कानडी बोलायचात. तुमचं माहेर सीमेपलीकडचं. आमच्याशी मराठी आणि बांडीशी कानडी. तिचं पोट डाव्या अंगाला फुगलं. तुम्ही तेल पाजलंत, ओवा दिलात, तीन दिवस तिच्यापाशी बसून राहिलात. चौथ्या दिवशी तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी पोटावर हात मारला, कान लावला आणि म्हणाले, "उघडावं लागेल."

उभ्या गायीला इंजेक्शन देऊन त्यांनी कूस कापली. तुम्ही तिचं तोंड छातीशी धरून उभ्या होतात. सुवर्णा गरम पाण्याची घागर घेऊन उभी. मी शाळेतून नुकतीच आलेली, पायांत चपला तशाच. डॉक्टरांनी कोपरापर्यंत हात आत घातला आणि ओढायला सुरुवात केली. पिशव्या, दुधाच्या पिशव्या, सुतळी, पुन्हा पिशव्या. टोपलं भरलं. दुसरं आणायला लागलं.

"आजी," डॉक्टर म्हणाले, "ही गाय हाय का किराणा दुकान?"

त्यांनी हात पुन्हा आत घातला.

मग त्यांनी एक गोल पुरचुंडी काढून बाकीच्या ढिगावर टाकली. पिवळी पडलेली, शेणकाळी. कान ओढून मारलेल्या दोन गाठी. आत खोचलेली टोकं.

अक्का, शंभर पिशव्यांत मी ती ओळखली असती. तुम्ही त्या क्षणी ढिगाकडे पाहत होतात. नंतर माझ्याकडे पाहिलंत की नाही हे मला कधीच कळलं नाही, कारण मी मान खाली घातली होती. मी वाकले. टोपल्यातून सगळ्यांत आधी ती पुरचुंडी उचलली, पदराआड धरली आणि म्हणाले, "हे टोपलं मी रिकामं करून येते."

सगळ्यांना वाटलं, मास्तरीणबाईंनी घाणीत हात घातला. सुवर्णाच्या डोळ्यांत तर पाणी आलं. मी टोपलं उकिरड्यामागे नेलं आणि ती एक पिशवी मात्र परसातल्या माझ्या बाजूला, लिंबोणीखाली, खुरप्यानं खड्डा करून पुरली.

बांडी दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. मागे तिची पाच महिन्यांची कालवड राहिली.

त्याच्या पुढच्या सकाळी मी सालं घेऊन मागचं दार उघडलं, तर दारात तुम्ही. डोक्यावर पदर, काखेत वेताची जुनी पाटी.

"आण इकडं," तुम्ही म्हणालात.

"मी टाकून येते ना, अक्का."

"तुझं गुडघं दुखत्यात. उकिरड्यापतुर कशाला येतीस? म्या नेते की."

गुडघे तर तुमचे दुखत होते. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या होतात तुम्ही. मी सालं पाटीत ओतली. तुम्ही पाटी हलवून बोटांनी वरखाली करून पाहिलीत आणि निघून गेलात. संध्याकाळी रिकामी पाटी माझ्या मागच्या दाराला टेकवून ठेवलेली होती. त्या दिवसापासून बारा वर्षं हाच क्रम. बोलणं सुरू करावं असं मी रोज ठरवायची. रोज तुम्ही आधी बोलायचात. "आज वांग्याची देठं लई दिसायलीत, पाव्हणं आलं व्हतं का?" झालं. माझं राहून जायचं.

सांगता येईना, म्हणून मी करायला लागले. पहिल्यांदा कॅरीबॅग बंद. किराणा दुकानात कापडी पिशव्या आणि तेलाला किटली घेऊन जायची. दुकानदार लांबूनच ओरडायचा, "पिशव्या लपवा रे, बाई आल्या!" मी म्हणायची, "लपव, आणि बाहेर काढूच नको." मग शाम्पूच्या पुड्या बंद झाल्या, शिकेकाई आली. बिस्किटांचे पुडे बंद झाले, त्यावरून तुमच्या धाकट्या दिरांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आठवडाभर चहाबरोबर तोंड वाकडं केलं. मी कोपऱ्यात तीन डबे ठेवले, त्यांच्यावर अर्थातच चिठ्ठ्या लावल्या. काच, पत्रा आणि प्लास्टिक. प्लास्टिकचा डबा पहिल्या वर्षी महिन्याला भरायचा. आता वर्षाकाठी दोनदा भरतो आणि भंगारवाला नेतो.

तुम्हाला हे सगळं टीव्हीवर बघून आलेलं खूळ वाटायचं. निदान तसं तुम्ही दाखवायचात. "आमची मास्तरीण आता कचऱ्याची परीक्षा घ्यायलीय," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात. आणि नातवंडांनी मेलबर्नहून माझ्यासाठी ते बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र पाठवलं तेव्हा! खोक्यात खोकं, त्यात खोकं, फुग्यांचा कागद, आणि मध्ये अंगठ्याएवढी वस्तू. तुम्ही तो पसारा पाहून म्हणालात, "लेकरांनी कचराच पाठवला की गं. आन् तुला राग येऊ नये म्हणून त्यात एक यंत्र घातलंय." त्या फुग्यांच्या कागदावर नंतर तुम्हीच दुपारभर बसून एकेक फुगा फोडलात, हे मी नातवंडांना सांगितलं नव्हतं. आता कळलं त्यांना.

पण एका गोष्टीवरून आपलं शेवटपर्यंत पटलं नाही. मी म्हणायची, पिशवी घरात येऊच द्यायची नाही. तुम्ही म्हणायचात, आली ती आली, धड वस्तू टाकायची का म्हणून? मग दूधवाल्याची, औषधवाल्याची, पाहुण्यांच्या केळ्यांची, एकूण एक पिशवी तुम्ही ठेवून घ्यायचात. गाठ असली तर कात्री लावायची नाही. "कापली की गेली." बांगडीतली पिन काढून त्या गाठीत घालायची आणि हळूहळू, चष्मा न लावता, ती सैल करत बसायचं. मग धुऊन दोरीवर वाळत. तुमच्या अंगणातल्या दोरीवर पिशव्या फडफडताना बघून मला चीड यायची. एकदा मी रागानं म्हणाले, "अक्का, या जपून ठेवून काय करणार तुम्ही?"

"काय न्हाय. माझ्याजवळ हायत म्हणजे दुसरीकडं न्हायत," तुम्ही म्हणालात.

मला ते आडमुठं वाटलं.

शेवटचे दोन महिने तुम्ही अंथरुणावर होतात. मी दुपारी येऊन बसायची. तुम्ही पाटीबद्दल विचारायचात. सुवर्णा नेते का, की राहतं? मी म्हणायची, नेते, रोज नेते. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. तुमचा हात माझ्या हातात होता. हाडं आणि बांगड्या, बाकी काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "अक्का, बांडीचं एक सांगायचं होतं."

तुम्ही डोळे उघडलेत. माझ्याकडे बघितलंत.

"जनावर व्हतं, गेलं," तुम्ही म्हणालात. "तिची नात बघ कशी दूध द्यायलीय. जा, त्याच दुधाचा च्या कर. साखर जरा जास्त टाक, त्या सुवर्णीला कळू देऊ नको."

मी उठले आणि चहा केला. साखर जास्त टाकली. तुम्ही दोन घोट घेतलेत आणि हात वर करून म्हणालात, "साकु." पुरे. मी कपातला उरलेला चहा तिथं बसून प्याले. एवढ्या सोप्या रीतीनं ती शेवटची संधी गेली.

तुम्हाला बांधाजवळ माती दिली. बेलाची पानं, विभूती, सगळं तुमच्या मनासारखं झालं. सगळे मूठमूठ माती लोटत होते आणि मला त्या मातीत पांढरं काही दिसलं. उकिरड्यातलं खत वर्षानुवर्षं त्याच रानात गेलेलं. जे कुजायचं ते कुजलं होतं आणि माझं तेवढं राहिलं होतं. तुमच्या अंगावर ते पडू नये एवढंच मला सुचलं. म्हणून वाकले. आणि वाकताना आठवलं, की अशीच मी बांडीच्या वेळी वाकले होते. तेव्हा लपवायला आणि आत्ताही, मीरानं विचारल्यावर, लपवायलाच.

परवा मी सुवर्णाला बोलावलं. खुर्चीवर बसवलं आणि सरळ सांगितलं. पिशवी, गाठ, पदराआड धरलेलं, लिंबोणी. मी वाट बघत होते की ती उठून जाईल. बांडी तिचीही होती, ती धार काढायची तिची.

सुवर्णा म्हणाली, "काकी, आत्यांना ठाऊक व्हतं की."

"काय ठाऊक होतं?"

"तुमची गाठ. त्याच दिवशी संध्याकाळी म्हणल्या मला. म्हणल्या, 'सुनंदाच्या दारातनं उद्यापासनं पाटी म्याच आणती. तिला कुणी एक शबुद बोलायचं न्हाय. लई शिकलेली हाय, तिचं तिला कळंल. आपण बोललो तर ती गाव सोडून सोलापूरला जाईल.'"

सुवर्णानं बशीतले तुकडे बोटानं हलवले. लाल कोपरा उचलून उजेडात धरला आणि हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं.

"ही तर आत्यांच्या मिश्रीची पुडी."

मिश्री! तुम्ही आम्हा सगळ्यांपासून चोरून मिश्री लावायचात आणि पुडी उकिरड्यात खुपसायचात, कुणाला दिसू नये म्हणून. सुवर्णा म्हणाली, "डॉक्टरांनी काढलेल्या ढिगात ह्या बी व्हत्या. आत्या म्हणल्या, 'निम्मं तिचं, निम्मं माझं. मी कुठल्या तोंडानं बोलू?' त्या दिवसापासनं मिश्री सोडली त्यांनी. तुमाला वाटलं असंल, दात गेले म्हणून सोडली."

होय अक्का, मला तसंच वाटलं होतं.

तेव्हापासून मला तुमचा राग येतोय, हे लिहून टाकते. एवढं सगळं माहीत असून तुम्ही बारा वर्षं माझ्या दारात आलात, पाटी पुढे केलीत, देठांवरून थट्टा केलीत आणि मला एकदाही तोंड उघडू दिलं नाहीत. तुम्ही मला शरमेपासून वाचवलंत. पण माफी मागणंही एक काम असतं, आणि ते तुम्ही माझ्या हातून काढून घेतलंत. तुमचंही तुम्ही एकटीनं वाहिलंत. त्या दुपारी आपण दोघी बोललो असतो तर चहाला अर्धा तास उशीर झाला असता, एवढंच. मग माझा राग उतरतो आणि डोळ्यांसमोर तुमचं ते पाटी हलवून बघणं येतं. बोटांनी वरखाली करून तुम्ही देठं बघत नव्हतात. आत पिशवी तर नाही ना, हे बघत होतात. रोज. बारा वर्षं. आणि मला वाटायचं, अक्कांना वांग्यांची एवढी चौकशी का!

काल सकाळी आम्ही लिंबोणीखाली खणलं. मी खुरपं घेतलं तर सुवर्णानं ओढून घेतलं. "व्हा बाजूला, गुडघं कोण धरणार तुमचं?" अगदी तुमचाच सूर. दीड हात खाली ती सापडली. रंग गेला होता, प्लास्टिक ताठरलं होतं, पण गोल होती तशीच. आत काळी माती झालेली. दोन गाठी आणि खोचलेली टोकं शाबूत. मुळं तिला वळसा घालून गेली होती.

सुवर्णा कात्री आणायला निघाली. मी नको म्हटलं. तुमच्या बांगडीतली पिन तिनं काढून ठेवली होती, ती मागितली. ओट्यावर बसून मी माझीच गाठ सोडायला लागले. चष्मा लावून, तुमच्यासारखं बिनचष्म्याचं जमलं नाही. इतकी घट्ट गाठ मी का मारायची, अक्का? जणू आतली सालं कुठं पळून जाणार होती. पहिली सुटायला तासभर गेला. दुसरी त्याहून लवकर सुटली. पिशवी दोन ठिकाणी फाटली, पण कापावी लागली नाही. आतली माती आम्ही लिंबोणीलाच घातली.

तुमच्या पेटीत धुतलेल्या, घड्या घातलेल्या पिशव्यांचा गठ्ठा निघाला. किती असतील ते मोजलं नाही. टाकवत नाही, वापरवत नाही, आणि आपलं ते भांडण तर तुम्ही अर्धंच सोडून गेलात. भंगारवाल्याला द्याव्यात असं माझं मत अजूनही आहे. तूर्त त्या माझ्या कपाटात आहेत, आणि ही एक त्यांच्यावर ठेवली आहे. "माझ्याजवळ हायत म्हणजे दुसरीकडं न्हायत." हे आता मला म्हणावं लागतंय.

बचत गटाचा नारळ मी सुवर्णाच्या हातात दिला. त्याची चटणी झाली आणि करवंटीचा तिनं मिठाला डाव केला.

मीरा, तुझं उत्तर मिळालं ना? नील, तुला एवढंच सांगते की पिशवीला गाठ मारू नकोस, आणि मारलीच तर मला फोन कर, कशी सोडायची ते सांगेन.

बांडीची नात गोठ्यात आहे, गाभण आहे, तिला आता सहावा महिना चालू आहे. वेताची पाटी माझ्या मागच्या दाराला टेकलेली आहे. तिची एक कड उसवली आहे, ती सुतळीनं शिवली. सुवर्णा रोज सकाळी ती न्यायला येते, आणि नेण्याआधी बोटांनी वरखाली करून बघते.